निशिगंधाला तीन वर्षे नुसती पात येते, फूल येत नाही. कांदे काढून टाकावेत का?

वडगावकरीण (बेळगाव), ११ फेब्रुवारी

सर्वांना नमस्कार. बेळगावात वडगावला आमचे जुने कौलारू घर आहे आणि घराच्या मागे लहानसे परडे आहे. सात वर्षांपूर्वी माझ्या सासूबाईंनी त्या परड्यात विहिरीच्या कडेला निशिगंधाचे बारा कांदे लावले होते. पहिली तीन-चार वर्षे भरपूर फुले आली. आमच्या घरी तेव्हा माग चालू होता. सासूबाई रोज संध्याकाळी एक दांडा तोडून मागघराच्या खिडकीत पितळी तांब्यात ठेवत, आणि दिवसभर सुताच्या खळीचा जो आंबूस वास त्या खोलीत कोंडलेला असे, त्यावर दिवेलागणीनंतर हळूहळू निशिगंधाचा वास चढत जाई. लग्न होऊन या घरात आल्यावर मला पहिल्यांदा आपलेसे वाटले ते त्या वासामुळे, म्हणून हे आळे वाचवण्याची माझी मनापासून इच्छा आहे.

गेल्या तीन वर्षांत मात्र त्या जागी नुसती गवतासारखी दाट पात वाढते. पहिल्या वर्षी दोन दांडे आले, त्यानंतर एकही नाही. शेजारच्या एक आजी म्हणाल्या की हे कांदे आता वांझ झाले आहेत, उपटून टाका आणि नवे आणा. सासूबाईंना हे ऐकून फार वाईट वाटले.

काल मी खुरप्याने आळ्याची एक कड उकरून पाहिली. आत लसणाच्या मोठ्या गड्ड्यासारखा एकमेकांना चिकटलेला गुच्छ निघाला. त्यात लहानमोठे पस्तीस-चाळीस कांदे असावेत आणि अगदी मधोमध सुंभाच्या तुकड्यासारखा तपकिरी, वाळलेला, हलका खुंट होता. कीड किंवा कुजल्याचा वास काही जाणवला नाही. माती तांबडी, मुरुम मिसळलेली आहे. आणखी एक गोष्ट सांगायला हवी: चार वर्षांपूर्वी पश्चिमेच्या घरावर दुसरा मजला चढला, तेव्हापासून या जागी दुपारी एकनंतर ऊन येत नाही.

माझे प्रश्न असे आहेत. हे कांदे खरोखर निकामी झाले आहेत का? तेच परत लावायचे असतील तर कधी काढावेत आणि कधी लावावेत? नवे घ्यायचे झाले तर एकेरी (पाकळ्यांच्या एकाच थराच्या फुलाचे) घ्यावेत की दुहेरी (अनेक थरांच्या फुलाचे)? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

कंग्राळीकर, ११ फेब्रुवारी

ताई, जमिनीतला कस संपला असेल. मूठभर डीएपी खत आणि थोडा युरिया द्या व पाणी वाढवा. आमच्या जास्वंदीला त्याने लगेच फरक पडला होता.

निवृत्त गुरुजी (टिळकवाडी), १२ फेब्रुवारी

ताई, तुमचे कांदे वांझ झालेले नाहीत, आणि ही गोष्ट कृपया सासूबाईंना आधी सांगा. तुम्ही उकरून जे पाहिले त्यातच उत्तर आहे. तो मधला सुंभासारखा वाळलेला खुंट म्हणजे सासूबाईंनी लावलेला मूळ कांदा. त्याने एकदा फूल दिले आणि तो संपला. निशिगंधाचा प्रत्येक कांदा आयुष्यात एकदाच फुलतो. फुलण्याच्या आधी आणि फुलत असताना तो आपल्या बुडाशी पिल्ले धरतो, आणि पुढच्या हंगामात फूल द्यायचे ते त्या पिल्लांनी.

हे लक्षात राहावे म्हणून मी माझ्या विद्यार्थ्यांना घायपाताचे उदाहरण देत असे. आपल्याकडे शेताच्या बांधावर घायपात सर्वांनी पाहिलेला असतो. वर्षानुवर्षे तो नुसती काटेरी पाने वाढवत बसतो, मग एका वर्षी मधून विजेच्या खांबासारखा उंच दांडा निघतो, त्याला फुले येतात आणि ते झाड वाळून जाते. बुडाशी मात्र पिल्लांचा घोळका उभा असतो. निशिगंध हा घायपाताचाच भाऊबंद आहे. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये त्याला ‘पॉलिअँथिस ट्युबरोसा’ असे नाव दिले होते आणि बहुतेक पुस्तकांत अजून तेच आढळते. परंतु २०१७ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याला घायपाताच्याच प्रजातीत घेतले आणि आता त्याचे शास्त्रीय नाव ‘अगेव्ह अमिका’ असे आहे. दोघांचेही मूळ मेक्सिकोकडचे. तिथले अॅझटेक लोक निशिगंधाला त्यांच्या भाषेत ‘हाडाचे फूल’ म्हणत, आणि ताज्या फुलाच्या पाकळीचा तो मेणचट, किंचित पिवळसर पांढरा रंग पाहिला की ते नाव किती नेमके आहे हे पटते.

आता तुमच्या आळ्यात काय झाले ते पाहू. बारा कांद्यांना पिल्ले झाली, त्या पिल्लांना पिल्ले झाली, आणि सात वर्षे कोणी हात लावला नाही. एकेका कांद्याच्या जागेत चाळीस जण दाटीवाटीने बसले आहेत. फुलायला कांद्याला विशिष्ट जाडी लागते आणि या गर्दीत ती कोणालाच मिळत नाही, म्हणून सगळे जण पात वाढवतात आणि फुलाची वेळ कधी येतच नाही. त्यात ऊन कमी झाले. निशिगंधाला दिवसाचे किमान सहा तास थेट ऊन हवे. ऊन नसेल तर पात लांब, लवचीक आणि आडवी पडणारी होते. तुमच्याकडे ती तशी झाली आहे का, ते पाहा.

कंग्राळीकरांनी आपुलकीने सुचवले आहे, पण युरिया येथे देऊ नये असे माझे मत आहे. नत्र जास्त झाले की पात आणखी माजेल आणि फूल आणखी लांबेल. शिवाय सध्या फेब्रुवारीत कांदा विश्रांतीत आहे. या काळात पाणी वाढवले तर तो कुजण्याची भीती असते.

आता पाणी पूर्ण बंद करा. पंधरा दिवसांत पात पिवळी पडून लोळेल, तेव्हा कुदळीने लांबून माती सैल करून संपूर्ण गड्डा अखंड उचला. माती झटका, पण धुऊ नका. हाताने कांदे सुटे करा; जे सहज सुटत नाहीत त्यांना सुरी लावू नका, दोन-चार दिवस सावलीत वाळले की ते आपोआप सुटतात. मग सावलीत, वारा खेळेल अशा जागी गोणपाटावर पसरून चार ते सहा आठवडे राहू द्या. ही विश्रांती टाळू नये. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात नव्या, उन्हाच्या जागी लावा.

निवड कशी करावी? दहा रुपयांचे नाणे हाताशी ठेवा. त्याची रुंदी सत्तावीस मिलिमीटर असते. ज्या कांद्याचे पोट त्या नाण्याएवढे किंवा थोडेसेच कमी आहे, तो याच हंगामात फुलण्याची शक्यता चांगली. दीड सेंटिमीटरपेक्षा बारीक असलेले कांदे वेगळ्या वाफ्यात लावा. त्यांना यंदा फूल येणार नाही. ते वर्षभर नुसते अंग धरतील, आणि तेच पुढच्या वर्षीचे तुमचे भांडवल आहे.

निपाणीचा बागायतदार, १२ फेब्रुवारी

गुरुजींनी मुळातला विषय अगदी स्वच्छ मांडला आहे. मी निपाणी भागात वीस गुंठ्यांवर निशिगंध घेतो, आधी त्याच रानात तंबाखू होती. परड्यातल्या आळ्याला उपयोगी पडतील अशा काही गोष्टी अनुभवावरून सांगतो.

कांदे काढताना मुळे नीट पाहा. मुळांवर मण्यांसारख्या बारीक गाठी दिसल्या तर तो सूत्रकृमीचा, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या अतिसूक्ष्म जंतांचा, प्रादुर्भाव आहे, आणि असे कांदे नव्या जागी मुळीच नेऊ नयेत. एका कांद्याबरोबर सगळा वाफा बिघडतो. माझे पहिले रान असेच गेले. एका ओळखीच्या मळ्यातून स्वस्तात कांदे आणले, मुळे न पाहता लावले, दुसऱ्या वर्षी दांडे वीतभर आखूड आले आणि कळ्या उमलण्याआधीच सुकू लागल्या. पुढे त्या रानात मला झेंडू घ्यावा लागला. झेंडूच्या मुळांमुळे सूत्रकृमीची संख्या घटते, म्हणून परड्यातसुद्धा जुन्या जागी एक हंगाम झेंडू लावा असे मी सुचवेन. तुमच्याकडे दसऱ्याला झेंडू लागतोच.

लागवड अशी करावी: माती फूटभर खोल खणून चांगले कुजलेले शेणखत मिसळावे, त्यात कडुलिंबाची पेंड घालावी. तुमची तांबडी माती पाण्याचा निचरा करते, ही फार जमेची बाजू आहे. आमच्या काळ्या रानात मला त्यासाठी सरी-वरंबे करावे लागतात, नाहीतर आषाढात पाणी साचून कांदा बुडातून मऊ पडतो. कांदा पाच ते सात सेंटिमीटर खोल, शेंडा वर करून लावावा. दोन ओळींत तीस आणि दोन कांद्यांत वीस सेंटिमीटर अंतर ठेवावे. या अंतराने एका गुंठ्यात साधारण सोळाशे कांदे बसतात. तुम्हाला परड्यात चार-पाच हातांचा वाफा पुरेल. लावल्यावर एकदा भरपूर पाणी द्यावे आणि नंतर कोंब वर दिसेपर्यंत हात आखडता घ्यावा. पुष्कळ लोक इथेच चुकतात. कोंब आला नाही म्हणून रोज पाणी घालतात आणि कांदा जमिनीतच सडतो. कोंब आल्यावर उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा, जमीन ओली राहील इतके पाणी पुष्कळ झाले.

वेल, भाज्या यांना जशी तुम्ही राख घालता तशी येथेही थोडी घातली तर चालते. दांडा दिसू लागला की थोडे शेणखत पुन्हा द्यावे. बुडाशी पांढरी बुरशी आणि तिच्यात मोहरीसारखे गोल दाणे दिसले तर ते झाड मातीसकट उचलून लांब टाकावे आणि त्या जागी ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला आवरणारी उपयोगी बुरशी) मिसळलेले शेणखत घालावे.

नव्या कांद्यांविषयी विचारले आहे म्हणून सांगतो. आपल्या राज्यात बेंगळुरूजवळ हेसरघट्ट येथे भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्था आहे. तिने काढलेले ‘शृंगार’ आणि ‘प्रज्वल’ हे एकेरी वाण व ‘सुवासिनी’ हा दुहेरी वाण आपल्याकडे चांगले येतात. ‘शृंगार’ सूत्रकृमीला बऱ्यापैकी तोंड देतो. ‘प्रज्वल’ची कळी किंचित गुलाबी छटेची असते, फूल उमलल्यावर पांढरे होते, ती छटा पाहून कांदे भेसळीचे आहेत असे समजू नये. पुण्याच्या गणेशखिंडीतून आलेला ‘फुले रजनी’ हा एकेरी वाणही आमच्या भागात काही जण लावतात. रोपवाटिकेत निशिगंध म्हटल्यावर समजले नाही तर कन्नडमध्ये ‘सुगंधराज’ म्हणावे, लगेच देतात.

माझे स्वतःचे मत विचाराल तर घरासाठी एकेरीच. दुहेरीचा दांडा डौलदार, व्यासपीठाच्या सजावटीला त्याला मागणी आहे आणि तो नगावर विकला जातो. पण एकेरीचा वास अधिक मोकळा आणि लांबवर जाणारा असतो. हारवाले आणि अत्तरवाले एकेरीच मागतात, ती सुटी फुले आम्ही किलोवर देतो.

वडगावकरीण, १३ फेब्रुवारी

गुरुजी, दादा, तुम्हा दोघांचे मनापासून आभार. काल रात्री दोन्ही उत्तरे सासूबाईंना वाचून दाखवली. घायपाताचे उदाहरण ऐकून त्या म्हणाल्या की त्यांच्या माहेरी बांधावर घायपात होता, त्याचा वाख काढून दावी वळत असत, आणि तो फुलल्यावर वाळतो हेही त्यांना लहानपणापासून ठाऊक होते. फक्त निशिगंध त्याच घरातला आहे हे कधी कोणी सांगितले नव्हते.

पात खरोखरच लांब आणि आडवी पडणारी आहे. मुळे पाहिली, गाठी नाहीत. नव्या वाफ्यासाठी पुढच्या अंगणात तुळशीच्या दक्षिणेला जागा आहे, तिथे सकाळी आठपासून दुपारी तीनपर्यंत ऊन असते. एक शंका उरते. एप्रिलमध्ये लावले तर फूल जुलैत येणार आणि आपल्याकडे जुलैत पाऊस थांबत नाही. तेव्हा फूल टिकेल का?

खानापूरहून, १५ फेब्रुवारी

ही शंका अगदी रास्त आहे, आणि खानापूर तालुक्यात राहणाऱ्याला ती दरवर्षी सोसावी लागते. बेळगाव शहरापेक्षा आमच्याकडे पाऊस बराच जास्त. जांबोटी-कणकुंबीकडे तर आषाढात आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. लावल्यापासून साधारण तीन ते साडेतीन महिन्यांत दांडा येतो. एप्रिलची लागवड बरोबर झोडपणाऱ्या पावसात फुलते. एकेरी फूल त्यातूनही उमलते, पण पाकळ्यांच्या कडांवर तपकिरी डाग पडतात. दुहेरीचे हाल अधिक. तिच्या पाकळ्यांच्या थरांत पाणी शिरून बसते आणि कळी न उमलताच आतून कुजते. मी दोन वर्षे दुहेरी लावून पाहिली आणि दोन्ही वर्षे दांड्याच्या वरच्या निम्म्या कळ्या मला उमललेल्या दिसल्याच नाहीत. म्हणून निपाणीच्या दादांशी मी एकेरीच्या बाबतीत पूर्ण सहमत आहे, माझे कारण मात्र वासाचे नसून पावसाचे आहे.

मी आता कांदे दोन हप्त्यांत लावतो. थोडे एप्रिलमध्ये जमिनीवर, वीतभर उंच वरंब्यावर. उरलेले मे महिन्याच्या अखेरीस कुंड्यांत, आणि त्या कुंड्या मुसळधार पावसाचे सहा-सात आठवडे पागोळीच्या आत, पण उजेडात ठेवतो. ही दुसरी लागवड सप्टेंबरमध्ये फुलते. तोपर्यंत पावसाचा जोर ओसरलेला असतो, हवेत थोडा गारवा असतो आणि गणपती-दसऱ्याच्या सुमारास घरची फुले मिळतात. कुंडी दहा-बारा इंची घ्यावी, तळाला खापऱ्या घालाव्यात आणि एका कुंडीत चार-पाचच कांदे लावावेत. त्याहून जास्त दाटी केली तर आज वडगावच्या ताईंच्या आळ्यात जे झाले तेच दोन वर्षांत कुंडीत होते.

पागोळीखाली थेट धार पडणार नाही याची काळजी घ्या. माझ्या तीन कुंड्या एकदा पागोळीच्या बरोबर खाली राहिल्या आणि एका आठवड्यात माती वाहून कांदे उघडे पडले.

शहापूरची वेणीवाली, १८ फेब्रुवारी

लागवडीतले मला फारसे कळत नाही. पण आमच्या घरात दोन पिढ्यांपासून वेण्या आणि हार करण्याचे काम आहे. दररोज पहाटे निशिगंधाची पाटी माझ्या पुढ्यात येते, त्यामुळे फूल तोडण्याविषयी आणि राखण्याविषयी थोडे लिहिते.

निशिगंधाचा दांडा खालून वर उमलत जातो. सगळ्या कळ्या उमलण्याची वाट पाहून दांडा तोडला तर तोपर्यंत खालची फुले मलूल झालेली असतात. म्हणून सर्वांत खालच्या एक-दोन जोड्या उमलल्या की दांडा तोडावा. सकाळी, दव असताना, धारदार विळीने तिरका कापावा आणि लगेच पाण्यात ठेवावा. पाण्यात चमचाभर साखर घातली तर वरच्या कळ्या उमलायला मदत होते, पण मग पाणी रोज बदलावे लागते, नाहीतर दांडा बुडाशी बुळबुळीत होतो. रोज पाणी बदलताना बोटाच्या पेराएवढा दांडा खालून कापावा आणि सुकलेले फूल खुडून टाकावे. अशा काळजीने आमच्याकडे दांडा आठवडाभर राहतो.

हारासाठी फूल हवे असेल तर उमललेले घेऊ नये. आज रात्री उमलेल अशी टपोरी, हिरवट झाक जाऊन पांढरी झालेली कळी घ्यावी. ती ओवताना सुई देठातून नव्हे, नळीच्या मध्यातून घालावी, म्हणजे फूल गळत नाही. सकाळी ओवलेला हार संध्याकाळी लग्नमंडपात गळ्यात पडतो तेव्हा फुले नुकती उघडत असतात आणि वास नेमका त्याच वेळी सुटतो. आमच्या सगळ्या कामातला मला हा भाग सर्वांत आवडतो.

आणखी एक पाहिले आहे. गुलाब तोडला की त्याचा वास उतरतो. निशिगंध तोडल्यावरही वास तयार करत राहतो. हार उतरवून कोनाड्यात ठेवला तरी दुसऱ्या रात्री खोली भरून जाते. असे का होते, हे गुरुजींनी सांगावे.

निवृत्त गुरुजी (टिळकवाडी), १८ फेब्रुवारी

ताई, तुमचे निरीक्षण अचूक आहे. निशिगंधाच्या पाकळ्यांत वासाचा साठा फारसा नसतो. त्या पेशी वासाची द्रव्ये जसजशी बनवतात तसतशी हवेत सोडतात, आणि तोडल्यावरही काही काळ त्यांचे काम चालू राहते. फ्रान्समधील ग्रास या गावातले अत्तरकार याच गुणाचा उपयोग करून घेत. मोगऱ्याच्या जातीची फुले आणि निशिगंध ते काचेवर पसरलेल्या चरबीच्या थरावर ठेवत, फुले एक-दोन दिवस वास सोडत राहत आणि तो चरबीत मुरे. मग जुनी फुले काढून ताजी ठेवत.

वास रात्रीच का, याचेही कारण आहे. हे फूल पतंगांसाठी आहे. पांढरा रंग अंधारात दिसावा, वास लांबवर जावा, आणि नळी इतकी लांब की तळाचा मध लांब सोंडेच्या पतंगालाच मिळावा. पावसाने उघडीप दिली की अंधार पडल्यावर वाफ्याजवळ दहा मिनिटे दिवा न लावता उभे राहावे. हमिंगबर्ड या चिमुकल्या पक्ष्यासारखा पंख फडफडवत, फुलावर न बसता अधांतरी थांबून सोंड घालणारा जाड अंगाचा पतंग दिसण्याचा संभव असतो. मला टिळकवाडीत तो आजवर दोनदा दिसला आहे.

वडगावकरीण, १४ सप्टेंबर

सर्वांना नमस्कार. जे झाले ते कळवल्याशिवाय राहवत नाही, म्हणून हा जुना धागा पुन्हा वर काढते.

फेब्रुवारीच्या शेवटी सगळे आळे काढले. पस्तीस-चाळीस नव्हे, एकूण चारशेच्या वर कांदे निघाले. सासूबाई दहा रुपयांचे नाणे घेऊन पडवीत बसल्या आणि दोन दुपारी त्यांनी एकेक कांदा मापून तीन ढीग केले. नाण्याएवढे किंवा त्याच्या जवळपास जाणारे फक्त अडतीस भरले. मधले कांदे नातेवाईकांना आणि गल्लीत वाटले. वांझ म्हणणाऱ्या आजींनाही वीस दिले. बारीक कांदे परड्यात एका वेगळ्या वाफ्यात लावले आहेत.

अडतीस कांदे ४ एप्रिलला अंगणात लावले. दादांनी स्पष्ट सांगितले असूनही मी पहिल्या पंधरा दिवसांत न राहवून रोज पाणी घातले आणि सात कांदे कुजले. मग हात आवरला. उरलेल्या एकतीस कांद्यांना कोंब आले. पहिला दांडा जुलैच्या मध्यावर दिसला आणि २९ जुलैला खालची जोडी उमलली. त्या आठवड्यात पाऊस एकसारखा लागला होता. खानापूरहून लिहिल्याप्रमाणे पाकळ्यांच्या कडा तपकिरी झाल्या, पण वास तसाच होता. ऑगस्टच्या मध्यापासूनची फुले स्वच्छ आली. आजपर्यंत एकोणीस दांडे झाले आहेत. बाकी बारा कांद्यांना अजून पातच आहे.

माग आता आमच्याकडे नाही, पण खोलीला आम्ही अजून मागघरच म्हणतो आणि तो पितळी तांब्या तिथे त्याच खिडकीत ठेवला आहे. काल सासूबाई तिथे दिवा न लावता बराच वेळ बसल्या होत्या.

एक विचारायचे आहे. प्रत्येक फुललेला कांदा आता संपला, हे ठाऊक झाल्यामुळे त्या एकोणीस झाडांच्या पातीला मी जुन्या सुताच्या गुंडीतला लाल धागा बांधून ठेवला आहे, म्हणजे काढताना ओळखता येतील. हे कांदे याच हिवाळ्यात काढावेत की राहू द्यावेत?

निवृत्त गुरुजी (टिळकवाडी), १५ सप्टेंबर

राहू द्यावेत, ताई. प्रत्येक लाल धाग्याच्या खाली आता पिल्लांचा घोळका अंग धरतो आहे आणि त्याला ती पातच पोसते आहे. फुलून गेलेला दांडा बुडाशी कापा, पात मात्र हिरवी आहे तोवर कापू नका. वीस सेंटिमीटर अंतरावर लावलेला वाफा दोन वर्षे, फार तर तीन वर्षे न काढता चांगला फुलतो. त्यानंतर पुन्हा नाणे घेऊन बसावे लागेल.

धागा मात्र पातीवरून सोडवून दांड्याच्या खुंटाला बांधा. पात जानेवारीत वाळून गळेल आणि धागा तिच्याबरोबर जाईल.